मोजलं कोनी?

रामटेके मास्तर उंचीनं पाच फूट दोन इंच होते आणि कुठल्याही दारातून आत शिरताना मान खाली घालायचे. दार सात फुटांचं असो की एखाद्या मंगल कार्यालयाची दोन मजली कमान असो, मास्तर उंबऱ्यापाशी थबकणार, वर बघणार, मान वाकवणार आणि मगच पाऊल आत टाकणार. नागपुरातल्या सदर भागातल्या आमच्या ऑफिसात मी नोकरीला लागले त्या पहिल्याच सकाळी हे पाहिलं आणि फाइल तोंडापुढं धरून हसले. चार दिवस कसंबसं तोंड आवरलं. पाचव्या दिवशी न राहवून विचारलंच, "मास्तर, तुम्ही वाकता कशाला? तुमच्या डोक्यावर अजून एक लहान मूल बसवलं तरी चालेल."

मास्तरांनी वळून दाराकडं पाहिलं. "हाव, बसन ना. पन हे दार मोजलं कोनी? म्या तर नाही मोजलं."

हा प्रश्न मी पुढची सहा वर्षं ऐकला. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, रक्तदाब वाढलाय, तर मास्तरांनी विचारलं, "मोजलं कोनी?" सिस्टरनं मोजलाय म्हटल्यावर बाही पुन्हा वर सरकवून म्हणाले, "तुमी सोता मोजा, मी बसतो." डॉक्टरांनी मोजला. तो तेवढाच निघाला. मास्तर खूश होऊन गोळ्या घेऊन आले आणि दुपारी मला म्हणाले, "डॉक्टर चांगला आहे, ताई. मोजून सांगते."

आमची कंपनी आडमाप माल वाहून न्यायची. नेहमीच्या ट्रकात न मावणारं सगळं आमच्याकडं यायचं. वीजकेंद्राचे ट्रान्सफॉर्मर, कारखान्यांचे बॉयलर, एकदा तर एका साखर कारखान्याची अख्खी चिमणी आडवी निजवून नेली होती. असा माल गाडीवर चढवण्याआधी कुणीतरी त्या रस्त्यानं पुढं जाऊन यावं लागतं. वाटेतला प्रत्येक पूल, प्रत्येक तार, रस्त्यावर ओणवलेली प्रत्येक फांदी बघावी लागते. ते कुणीतरी म्हणजे मास्तर. बावीस वर्षं ट्रक चालवल्यावर ते या कामाला लागले होते. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, मास्तर ही पदवी त्यांना ड्रायव्हरांनी दिली होती.

या कामासाठी त्यांच्याकडं एक काठी होती. बांबूचे तीन तुकडे, एकात एक बसणारे, जोडांवर पत्र्याच्या कड्या आणि अंगभर लाल-पांढरे पट्टे. प्रत्येक पट्टा एका इंचाचा, आणि ते सगळे मास्तरांनी नंदनवन वस्तीतल्या आपल्या घराच्या गच्चीवर बसून स्वतः रंगवले होते. काठीच्या शेंड्याला लाल चिंधी. मोपेडला तुकडे बांधून ते निघाले की मागच्या रिक्षावाल्यांची पंचाईत व्हायची. त्या काठीला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. एकदा ऑफिसच्या शिपायानं तिच्यानं कोपऱ्यातली जाळी काढली, तर मास्तर दोन दिवस त्याच्या हातचा चहा प्यायले नाहीत.

मोजण्याची त्यांची पद्धतही बघण्यासारखी होती. पुलाखाली पोचले की आधी चपला काढायचे. नागपूरच्या मे महिन्यात, डांबर पातळ झालेलं असताना, हा माणूस अनवाणी पुलाखाली उभा राहायचा. मी विचारलं तर म्हणाले, "चपलीतून रस्ता समजत नाही, ताई. रस्ता नवा का जुना, खचला का फुगला, हे तळपायालेच समजते." मला ते सगळं नाटक वाटायचं. नाटक नव्हतं ते, पण ते कळायला मला एक विशिष्ट सकाळ बघावी लागली. तिच्याकडंच यायचंय मला, पण आधी पाटी समजून घ्यायला हवी, म्हणजे मास्तर समजतील.

पुलाच्या अलीकडं ती गोल पाटी असते ना, लाल काठाची, मधे आकडा? आपण ती हजारदा पाहिलेली असते आणि एकदाही वाचलेली नसते, कारण आपल्या स्कूटीला तिच्याशी काही देणंघेणं नसतं. मीही त्यातलीच. पहिल्याच आठवड्यात एका परवानगीच्या अर्जात पुलाची उंची साडेचार मीटर असं मी जुन्या फाइलीतून उतरवून टाकलं. मास्तरांनी कागद वाचला आणि विचारलं, "मोजलं कोनी?"

"इथं लिहिलंय मास्तर. पाटीवर पण तेच आहे म्हणे."

त्यांनी कागदाच्या मागं पेन्सिलनं ती पाटी काढली. मधे आकडा, आकड्याच्या वर टोक खाली केलेला काळा त्रिकोण, आकड्याखाली टोक वर केलेला दुसरा. "पाहा. हा वरचा त्रिकोन पुलाचा, हा खालचा रस्त्याचा. दोघांच्या मधात जेवढी जागा, तेवढा आकडा. बरोबर? आता पूल तर हालत नाही. पन रस्ता हालते."

"रस्ता कसा हालेल?"

"वर चढते ना. दर दोन-तीन वर्षांनी डांबर टाकते, जुनं उकरत कोनी नाही. दोन इंच यंदा, दोन इंच पुढच्या खेपेले. खालचा त्रिकोन वर सरकून राह्यला, आन आकडा आहे तिथंच." मग पेन्सिल कानावर ठेवून म्हणाले, "पाटी खोटी नसते, ताई. ती जुनी असते."

मी धरमपेठेत वाढलेली, पदवीधर, संगणकाचा कोर्स केलेली मुलगी. त्या दिवशी ऑफिसातून घरी जाताना वाटेतल्या पुलाची पाटी मी आयुष्यात पहिल्यांदा वाचली आणि चौकात मागच्या लोकांचे हॉर्न खाल्ले. तेव्हापासून मला ते वेड लागलं ते लागलंच. आजही प्रवासात मी आधी पाटी वाचते, मग पुलाखालचा रस्ता बघते, आणि नवरा म्हणतो, आपण कारमध्ये आहोत.

रविवारी सकाळी मास्तर ट्रकतळावर नव्या ड्रायव्हरांचा वर्ग घ्यायचे. समोर तर्री-पोह्याच्या बशा आणि मास्तर ट्रकच्या फळीवर उभे. तो वर्ग म्हणजे चार प्रश्नांचा भडिमार असायचा. गाडी भरलेली का रिकामी? टपावर काय ठेवलं? रस्ता पुलाखाली सपाट का खोलगट? आणि शेवटचा, अर्थातच, मोजलं कोनी? एकदा एका पोरानं छाती काढून सांगितलं की आपण मोबाइलवरचा नकाशा लावतो, तो सगळं सांगतो. मास्तरांनी तो फोन मागून घेतला. त्यातली बाई गोड आवाजात डावीकडं वळायला सांगत होती.

"ही बाई हुशार आहे," मास्तर म्हणाले. "तिले रस्ते पाठ आहे. पन ही पायदळ चालनारी बाई आहे गा. तिच्या डोक्यावर काही नाही. तुह्या टपावर क्लीनरची गादी आहे, जॅक आहे, ताडपत्रीचा गठ्ठा आहे. तिले सांगितलं का तू?" त्या पोराला नंतर सगळे गादीवाला म्हणू लागले.

भरलेली का रिकामी, हा प्रश्न मला सुरुवातीला उगाच वाटायचा. गाडीची उंची ती गाडीची उंची. त्यावर मास्तरांनी आपल्या तरुणपणीची गोष्ट सांगितली. बंद बॉडीचा ट्रक घेऊन ते सिमेंटची पोती टाकायला गेले होते. वाटेत रेल्वेचा ठेंगणा पूल. जाताना आरामात पार झाले. पोती उतरवली आणि येताना सासरच्या गावाहून आपल्या नव्या बायकोला केबिनीत बसवून घेतलं, म्हणजे लग्नानंतर ती पहिल्यांदा त्यांच्या गाडीत बसलेली. मास्तर रंगात आलेले. तोच पूल, तोच ट्रक, तोच ड्रायव्हर. जाताना गेलो तर येताना जाणारच, या भरवशावर त्यांनी गाडी तशीच घातली आणि टप पुलाच्या गर्डरला जाऊन बसला. पुढं जाईना, मागं येईना.

"काहून अडकली?" मास्तरांनी मलाच विचारलं.

"डांबर टाकलं असेल," मी अंदाज ठोकला.

"पोती उतरली तं चाकावरच्या कमानी, म्हंजे स्प्रिंगा, वर आल्या ना. गाडी चांगली चार इंच उंच झाली. भरलेली गाडी वाकून चालते, ताई. रिकामी ताठ असते."

"मग काढली कशी?"

"टायरची हवा काढली," मास्तर म्हणाले आणि घाईनं चष्मा पुसू लागले.

त्या घाईचं कारण मला नंदनवनला कळलं. मास्तर तापानं आठवडाभर घरी होते आणि एका कागदावर त्यांची सही हवी होती म्हणून मी गेले. शशिकलाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली आणि बाहेर पलंगावर मास्तरांचा डोळा लागलाय याची खात्री करून विचारलं, "ट्रक अडकल्याची गोष्ट सांगितली का तुले?"

"सांगितली. हवा काढली टायरची."

"अन् हवा काढा म्हणून कोनं सांगितलं, ते सांगितलं?"

मी नकारार्थी मान हलवली.

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. "अवं, हे तर तीन तास इंजिनाशी भांडून राह्यले होते. गाव जमा झालं होतं. म्या केबिनीत बसून म्हटलं, माह्या भावाच्या सायकलची हवा गेली का सीट खाली येते, तर तुमच्या गाडीची नाही येनार का? तर माह्याकडं असं पाह्यलं, जसं मी काही शिवी दिली. मंग दहा मिनिटं इकडं-तिकडं फिरले आन आपल्याच मनानं सुचल्यासारखी हवा काढाले बसले." त्यांनी माझ्या ताटात आणखी भाजी वाढली. "तीस वर्षं झाली. एकदा बी नाही म्हटलं का हे तुनं सांगितलं."

बाहेरून मास्तर खोकले. काकू मोठ्यानं म्हणाल्या, "वाढून राह्यले तिले." खोकला थांबला.

आता ती सकाळ. मास्तरांचं गाव भंडाऱ्याच्या अंगाला, नागपूरहून दीड-दोन तासांवर. गावातल्या लोकांनी वर्षानुवर्षं थोडं थोडं जमवून बुद्धविहार बांधला होता आणि त्यासाठी नागपूरच्या एका शिल्पकाराकडून बसलेल्या बुद्धांची मूर्ती करून घेतली होती. बैठकीसकट साडेअकरा फूट, एकसंध. विहार समितीचे अध्यक्ष मेश्राम गुरुजी, गावच्या शाळेतून निवृत्त झालेले, मूर्ती बघायला आले की तिच्यापुढं बराच वेळ नुसते बसून राहायचे. येत्या पौर्णिमेला तिची स्थापना ठरली होती. मूर्ती नेण्याचं काम आमच्या मालकांनी मास्तरांच्या शब्दाखातर अंगावर घेतलं.

ट्रकवर मूर्ती ठेवली की एकूण उंची भरत होती चौदा फूट सहा इंच. वाटेत एकच अडचण होती, गावाच्या फाट्यावरचा रेल्वेचा पूल. त्यावरची पाटी म्हणते साडेचार मीटर, म्हणजे चौदा फूट नऊ इंच. गुरुजी पाटी बघून आले आणि निर्धास्त झाले. मास्तर काठी घेऊन गेले, अनवाणी उभे राहिले आणि परत येऊन म्हणाले, "चौदा-पाच. चार इंच डांबराखाली गेले."

या पुलाच्या पाटीसाठी मी मास्तरांच्या सांगण्यावरून तीन अर्ज टाइप केले होते. एकाचं उत्तर आलं होतं. त्यात लिहिलं होतं की सदर ठिकाणी पाहणी केली असता फलक सुस्थितीत व वाचनीय असल्याचे आढळून आले. मास्तरांनी ते दोनदा वाचलं होतं. "वाचली त्यांनी पाटी," ते म्हणाले होते, "चांगली वाचली."

एक इंच कमी. दुसऱ्या रस्त्यावरचा कालव्याचा पूल कच्चा होता आणि तिसऱ्या रस्त्यावर रेल्वेफाटकाआधीची लोखंडी कमान त्याहून बुटकी. शिल्पकार भला माणूस होता. त्यानं हळूच सुचवलं की मान अलगद कापून वेगळी नेता येईल, तिथं जोडून देऊ, सांधा दिसणारसुद्धा नाही.  गुरुजी खाली बघत होते. मास्तरांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, तेव्हाही चढला नाही. ते म्हणाले, "गुरुजी, माह्या बापानं ह्या विहाराच्या पायाचे दगड डोक्यावर वाह्यले. मान कापलेली मूर्ती मी नाही नेत. अख्खी नेतो, नाही तर काठी मोडून घरी बसतो."

गुरुजींनी मान वर केली. "अख्खी जाईल?"

"मोजून सांगतो."

आणि तीन दिवस मास्तर मोजत राहिले. आखूड ट्रक निवडला, कारण पुलाखालचा रस्ता खोलगट होता आणि अशा रस्त्यात लांब गाडीचं पोट वर उरतं. मग मूर्तीच्या बैठकीभोवती वाळूची पोती रचायला घेतली. दहा पोत्यांनी किती बसते, वीस पोत्यांनी किती, सगळं वहीत. मूर्ती आत पोकळ, म्हणजे हलकी, त्यामुळं गाडी ताठ उभी होती. तिला वाकवायचं होतं. पोती भरत गेली आणि कमानी दबत गेल्या, आणि शेवटी मूर्तीच्या माथ्याशी काठी लावून मास्तर म्हणाले, "चौदा-चार." पुलाखाली एक इंच मोकळा राहणार होता. एरवी चार इंचांखाली मास्तर कुठल्याही गाडीला हो म्हणत नसत. त्या रात्री ते जेवले नाहीत असं काकू म्हणाल्या.

सकाळी सातला निघालो. पुढं जीपमध्ये मास्तर, काकू आणि मी. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी रजा टाकून आले होते, कारण मला घरी बसवेनाच. मागं ट्रक, चालवायला इक्बालभाई, जो मास्तरांच्याच हाताखाली शिकलेला. वाटेतल्या प्रत्येक गावात लोक थांबून हात जोडत होते. बायका फुलं घेऊन कडेला उभ्या होत्या. मी तर इतकी आनंदात होते की पूल विसरलेच होते. मास्तर मात्र काठीचे तीनही तुकडे मांडीवर आडवे धरून बसले होते.

फाट्यावर पोचलो तर पुलापलीकडं अख्खं गाव. पांढरे कपडे, पंचशीलाचे झेंडे, शाळेची मुलं रांगेत. आणि मेश्राम गुरुजी दोन्ही हात पसरून पुढं आले, चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. "मास्तर, रस्ता पाह्यला का? पाहुणे येनार म्हून मी चार ठिकानी फिरलो. काल दुपारीच टाकून घेतला, चकाचक."

पुलाखालचा रस्ता काळाभोर चमकत होता.

मास्तरांनी जीपमधून पाय खाली टाकला तो चपलेविना. दोन पावलं चालले आणि थांबले. मी त्यांच्या तळपायाकडं बघत होते. डांबराचा काळा डाग टाचेला लागला होता. त्यांनी काठी जोडली, पुलाखाली गेले आणि काठी उभी केली. चिंधी गर्डरला टेकताच जोड घट्ट धरून त्यांनी काठी खाली घेतली, मग पट्टे मोजले, मग पुन्हा मोजले.

"चौदा-तीन."

रस्ता दोन इंच वर आला होता. आता एक इंच कमी पडत होता. गुरुजींना कळायला थोडा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा ते रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले. पाहुण्यांसाठी त्यांनी एवढ्या हौसेनं करून घेतलेला रस्ता मूर्तीच्याच आड आला होता. "म्याच केलं हे," एवढंच म्हणाले. समोर मुलांची रांग अजून उभी होती, आणि कुणीतरी वंदना सुरू केली होती ती मधेच थांबली.

मास्तर वहीत आकडे लिहीत होते, खोडत होते. इक्बालभाई म्हणाला, "मास्तर, और रेती डालें?" मास्तरांनी मान हलवली. कमानी जेवढ्या दबायच्या तेवढ्या दबल्या होत्या, आणखी वजन घातलं तर तुटल्या असत्या. त्यांनी वही मिटली, पुन्हा उघडली.  मला रडू येत होतं आणि मी ते लपवलंही नाही.

तेव्हा जीपमधून काकू उतरल्या. घाई नाही, गडबड नाही. मास्तरांपाशी गेल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा, पण साध्या आवाजात म्हणाल्या, "हवा काढा ना. तवा काढली तशी."

मास्तर त्यांच्याकडं बघतच राहिले. मग पुलाकडं पाहिलं, मग ट्रकच्या चाकांकडं. आणि मग एक गोष्ट घडली, जिच्यासाठी मी एक सोडून दहा रजा टाकल्या असत्या. मास्तर वळले, इक्बालभाईकडं, गुरुजींकडं, सगळ्या गावाकडं, आणि म्हणाले, "बरोबर सांगून राह्यली. तवा बी हिनंच सांगितलं होतं."

काकूंनी पदर डोक्यावर सारखा केला. त्यांना कुठं बघावं कळेना, म्हणून त्या माझ्याकडं बघून हसल्या.

मग जी धांदल उडाली ती मी आयुष्यभर विसरणार नाही. चाकाचाकाशी एकेक माणूस बसला. हवा फुसफुसत बाहेर पडू लागली. मास्तर मधे उभे राहून एकेकाला थांबवत होते, कारण एक चाक जास्त बसलं तर मूर्ती कलली असती. "पुढचं थांब. डावं थोडं अजून. बस." शाळेची मुलं रांग मोडून बघायला आली आणि गुरुजींनीही त्यांना हटकलं नाही. शेवटी मास्तरांनी मूर्तीच्या माथ्याशी काठी लावली. 

"चौदा-दोन," मास्तर म्हणाले. "एक इंच आहे. चाल गा इक्बाल. मानूस चालते तशी."

इक्बालभाईनं गाडी सोडली. मास्तर ट्रकच्या पुढं उलटे, अनवाणी, पाठ गावाकडं आणि तोंड मूर्तीकडं करून चालत होते, एक हात वर. पुलाची सावली मूर्तीच्या कपाळावर आली, मग मिटलेल्या डोळ्यांवर, मग खांद्यावर. गर्डर आणि माथा यांच्यामधून उजेडाची एक बारीक रेघ दिसत होती. मी तिच्यावर नजर लावून बसले होते. ती बारीक झाली, पण मिटली नाही. गुरुजी डोळे मिटून बसले होते, त्यांना कुणीतरी हलवून सांगितलं, गेली, गुरुजी, गेली. मूर्ती पलीकडच्या उन्हात आली. मग थांबलेली वंदना जिथं थांबली होती तिथून पुन्हा सुरू झाली, आणि या खेपेला ती अख्ख्या गावानं म्हटली. मीसुद्धा म्हटली, शब्द येत नव्हते तरी.

पाटीचं म्हणाल तर ती बदलली. गुरुजींनी स्वतः चौथा अर्ज लिहिला, मास्तरांचे आकडे जोडले आणि त्या कार्यालयात जाऊन बसले, रोज, शाळेत जायचे तसे. आता तिथं चार पूर्णांक तीन मीटर आहे. मास्तर पुढच्याच वर्षी निवृत्त झाले आणि गावी राहायला गेले. कधीतरी फोन येतो. नागपुरात कुठं नवीन डांबर पडलं का, एवढं विचारतात आणि ठेवून देतात.

 मूर्ती नेल्यावरही आम्ही ऑफिसात भेटत होतो, पण माझ्या डोळ्यांपुढं मास्तर येतात ते त्या दुपारचेच. क्रेननं मूर्ती बाजूच्या भिंतीत मुद्दाम मोकळ्या ठेवलेल्या जागेतून आत नेऊन बसवली होती. आता लोकांनी पुढच्या दारानं आत जायचं होतं. ते दार आठ-दहा दिवसांपूर्वीच बसवलेलं, नवं, चांगलं आठ फूट. मास्तर आणि काकू माझ्या पुढं होते. मास्तरांचे पाय अजून काळे होते. उंबऱ्यापाशी ते थबकले, वर पाहिलं आणि मान वाकवायला लागले.

"सरळ चाला," काकू म्हणाल्या. "उंच आहे."

मास्तर तसेच, अर्धवट वाकलेले. "मोजलं कोनी?"

"म्या. मागच्या ऐतवारी, गावी आलो होतो ना. तुमी जेवून झोपले होते तवा. तुमच्याच काठीनं."

मी मास्तरांच्या तोंडाकडं पाहिलं, कारण त्या काठीला हात लावणाऱ्याचं काय होतं ते मला ठाऊक होतं. मास्तरांनी काकूंकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं. मग हळूहळू पाठ सरळ केली, मान वर उचलली आणि पाच फूट दोन इंचांचे मास्तर त्या दारातून ताठ चालत आत गेले.